चौथ्या क्वार्टरमधलं कोपर

उपेंद्र ढोबळेचे समोरचे दोन दात खोटे होते. खरे दात एक्क्याण्णव साली नागपुरातल्या एका सिमेंटच्या कोर्टवर पडले. कारखान्याकारखान्यांची बास्केटबॉलची स्पर्धा होती. परगावच्या संघातल्या एका उंच गड्याने रिबाउंड घेता घेता कोपर मारलं. उपेंद्रने दात थुंकले, तोंडात रुमाल कोंबला आणि उरलेली अकरा मिनिटं खेळला. मॅच संपल्यावर त्या गड्याला पाण्याच्या नळापाशी गाठलं आणि त्याचं नाक फोडलं. ही हकिकत सांगताना लोक नाकापाशी आले की हसायचे. उपेंद्रला त्याचा राग यायचा. त्याच्या मते सांगण्यासारखी गोष्ट ती अकरा मिनिटं होती.

धंद्याने तो फिटर. दोन हजार सहा साली बायको वसुधा आणि सहा वर्षांची मुलगी मुक्ता यांना घेऊन आयर्लंडला आला. कॉर्क शहराजवळ रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात मेंटेनन्सला लागला, कॅरिगलाइनला घर घेतलं. पाइपांच्या जोडाचे आठ बोल्ट समोरासमोर आवळायचे असतात, एकाच्या शेजारी दुसरा असे नाही. हाताखालच्या कुणी शेजारशेजारचे आवळले तर उपेंद्र तोंडाने काही बोलत नसे. पाना घेऊन आठही बोल्ट सोडायचा, पाना त्याच्या हातात आपटायचा आणि उभा राहायचा. एका वेल्डरने उलट उत्तर दिलं, तेव्हा उपेंद्रने त्याला गॅस सिलिंडरच्या पिंजऱ्यावर ढकललं होतं. त्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ताकीद घडी करून त्याने खिशात ठेवली आणि जोड पुन्हा तपासायला गेला.

घराजवळच्या मैदानाच्या कडेला एका खांबावर बास्केटची कडी होती. मुक्ता आठ वर्षांची झाली तशी उपेंद्रने तिला तिथे नेलं. रोज एक तास. पाऊस असो, वारा असो. आपली बास्केट झाली की पळत मागे यायचं. चालत आलीस तर मांडीच्या मागे एक फटका. ओल्या, गारठलेल्या मांडीवर तो फटका कसा लागतो हे वसुधाने एकदा खिडकीतून पाहिलं. ती सुरी घेऊन बाहेर आली आणि तिने चेंडू फाडला.

"आता मार," ती म्हणाली. "हवा मार त्यात."

दुसऱ्या दिवशी उपेंद्र नवा चेंडू घेऊन आला. वसुधा चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. मुक्ता मात्र चेंडू आल्यावर पाचव्या मिनिटाला मैदानावर होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मुक्ताला मराठी सगळी कळायची, बोलायची मात्र ती इंग्रजी, तीही पक्की कॉर्कची. त्यामुळे बापलेकीत एक सोय झाली. शाळेच्या मॅचपासून उपेंद्र कठड्याशी उभा राहून मराठीत ओरडायचा. "डावीकडून जा, तिचा गुडघा दुखून राहिला." "ही आता पास देणार, हात टाक." आजूबाजूच्या आयरिश आयाबापांना वाटायचं, बाप पोरीला धीर देतोय. पुढे मुक्ता कॉलेजच्या टीममध्ये गेली तरी हे चालू राहिलं. टीमची कोच त्याला हसून हात करायची. सगळ्या हॉलमध्ये उघड ओरडून सांगितलेलं गुपित कोर्टवर फक्त एकीलाच कळायचं. बारा वर्षांत समोरच्या संघात कुणाला कळलं नाही, म्हणून ते कधीच कळणार नाही असं उपेंद्र धरून चालला.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत कॉलेजच्या मुलींची टीम लीगमध्ये सहावी होती. चार मॅच उरल्या होत्या. पहिल्या चारात यायचं तर त्यातल्या तीन जिंकायला हव्यात. मुक्ता दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्या चारात आलो तर राष्ट्रीय निवडीवाले बघायला येतील, असं कोचने तिला सांगितलं होतं. मुक्ताने घरी ते एकदाच सांगितलं, जेवताना, ताटावरून नजर न उचलता. त्या दिवसापासून उपेंद्रच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

कारखान्याच्या कँटीनमध्ये बुधवारी त्यावर चर्चा व्हायची, कारण बुधवारी शहरातलं साप्ताहिक यायचं. टेबलावर तिघे असायचे. उपेंद्र. डोनल टूमी, साठीचा वेल्डर, त्याची भाची त्याच टीममध्ये होती. आणि पुण्याचा सलील परचुरे, क्वालिटी विभागातला, पस्तिशीचा. स्वतः कधी खेळला नव्हता, पण टीमचे आकडे फोनमध्ये ठेवायचा.

त्या बुधवारी डोनलने चष्मा लावला आणि क्रीडापान उलटसुलट करून पाहिलं.

"हर्लिंगला एक पान. चौदा वर्षांखालच्या फुटबॉलला अर्धं पान. एका कुत्र्याच्या शर्यतीचा फोटो," तो म्हणाला. "आपल्या मुलींना चार ओळी. कुत्र्याला फोटो आहे, बघा."

"वाच," उपेंद्र म्हणाला.

"नको वाचू."

"डोनल, वाच."

डोनलने वाचलं. टीम मऊ आहे, असं वार्ताहराने लिहिलं होतं. पहिली तीस मिनिटं छान दिसते. चौथ्या क्वार्टरला अंगाला अंग लागलं की मागे सरते. गार्ड ढोबळे सर्वांत आधी.

उपेंद्रने कागद ओढून घेतला आणि तीच ओळ स्वतः वाचली. "हा माणूस कधी मॅचला येतो का? मी एकदाही पाहिला नाही."

"युवर मॅन, तो लिहिणारा? तो पबमध्ये बसून फोनवर स्कोअर विचारतो," डोनल म्हणाला. "लिहू दे. शनिवारी लिमरिकवाल्यांना हरवलं की झालं."

"नाही हरवणार," सलील म्हणाला. तो सँडविच खाता खाता फोन चाळत होता. "रागावू नका उपेंद्रदादा, पण तो बरोबर बोलतोय. मागच्या पाच मॅच बघा. चौथ्या क्वार्टरला आपण सरासरी नऊ पॉइंटने मागे. मुक्ता पहिल्या तीन क्वार्टरला धावते, चौथ्याला चालते. मी मोजलंय. पहिले चार विसरा. पाचवे आलो तरी ग्रँड."

"काय मोजलं?"

"चालते ती. तिला मार खायचा नसतो. तुम्हीपण बघता की."

हे उपेंद्रला माहीत होतं. मागच्या मॅचला त्याने स्वतः मोजलं होतं. सात वेळा. म्हणूनच त्याने टेबलावरून हात घालून सलीलची कॉलर धरली आणि त्याला खुर्चीसकट ओढलं. कॉफी सांडली, खुर्ची आडवी झाली. सलीलचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं आणि कानामागून रक्त आलं. उपेंद्रची दुसरी मूठ वर होती. ती डोनलने दोन्ही हातांनी धरली.

"सोड त्याला! अरे तुझाच मित्र आहे तो!"

"पुन्हा म्हण," उपेंद्र सलीलला म्हणत होता. "चालते म्हण. म्हण ना बे."

"नाही म्हणत," सलील म्हणाला. "सोडा दादा. घरी बायकोला काय सांगू?"

सलीलने तक्रार केली नाही. जिन्यावर पाय घसरला असं लिहून दिलं. शनिवारी तो कानामागे पट्टी लावून उपेंद्रच्याच गाडीतून मॅचला आला. येताना मागच्या सीटवरून एवढंच म्हणाला, "आकड्यांना हात लावता येत नाही म्हणून मला लावला, असं समजतो मी." डोनल हसला. उपेंद्रने गियर बदलला.

बाहेर वादळ होतं. हॉलचं पत्र्याचं छप्पर धडधडत होतं. तीनशे माणसांची जागा, आलेली ऐंशी. लिमरिकच्या टीममध्ये नीव नावाची उंच, खांदेदार मुलगी होती. तिचा बाप समोरच्या बाकांवर घसा फोडून ओरडत होता. पहिल्या हाफमध्ये नीवने मुक्ताला दोनदा भिंतीपर्यंत ढकललं. पहिल्या वेळी फाउल मिळाला. दुसऱ्या वेळी रेफरी दुसरीकडे बघत होता. मुक्ताचा गुडघा सोलवटला. ती उठली आणि तिने चड्डीच्या काठाला रक्त पुसलं. डोनलच्या भाचीच्या डोळ्यात बोट गेलं, ती एक डोळा मिटून खेळत राहिली. दोन्हीकडच्या मुली ओरबाडत होत्या, जर्सी ओढत होत्या. चेंडूवर तिघी तिघी पडत होत्या आणि उठताना एकमेकींच्या हातावर पाय देत होत्या. कुणी मऊ नव्हतं त्या दिवशी. वार्ताहर आलेला नव्हता.

चौथा क्वार्टर लागला तेव्हा कॉलेज एका पॉइंटने पुढे होतं. चार मिनिटं उरली. लिमरिकची बास्केट झाली आणि मुक्ता मागे वळली, तेव्हा ती चालत होती. उपेंद्रने ते पाहिलं. शेजारी सलीलने पाहिलं. सलील काही बोलला नाही, आणि ते न बोलणं उपेंद्रला चाबकासारखं लागलं.

पुढचा चेंडू कडीवर आपटून उंच उडाला. खाली नीव आणि मुक्ता.

"कोपर घाल!" उपेंद्र मराठीत ओरडला. सगळ्या अंगानिशी ओरडला. "दात पाड तिचे!"

मुक्ताचं कोपर मागे गेलं आणि वर आलं. आवाज झाला, कुऱ्हाड ओल्या लाकडात रुतते तसा. नीव उभीच्या उभी मागे पडली. पडताना तिने हात टेकवला आणि हात मनगटापाशी उलटा वळला. लाकडी जमिनीवर रक्त पसरलं आणि त्यात एक दात होता. मुक्ताच्या कोपरातूनही रक्त येत होतं. नीवचाच एक दात तिथे तुटून रुतला होता. चेंडू घरंगळत बाकांखाली गेला. तो घ्यायला कुणी वाकलं नाही.

नीव ओरडायला लागली. तिच्याकडे लिमरिकच्या बाकावरून एक बाई पट्ट्यांची पेटी घेऊन धावली. टीमचं जाकीट घातलेली, सावळी, चाळिशीची. तिने नीवचं तोंड एका कुशीला वळवलं, बोटाने घशातलं रक्त काढलं, हात फळीला बांधला. सगळं झटपट आणि नीट केलं. मग ती उठली, वळली आणि प्रेक्षकांकडे बघून स्वच्छ मराठीत म्हणाली:

"कोण बोललं ते? 'दात पाड' कोण बोललं?"

हॉलमध्ये पाच माणसांना तो प्रश्न कळला. ती स्वतः, उपेंद्र, सलील, मुक्ता, आणि बाकांच्या वरच्या टोकाला आताच येऊन बसलेली वसुधा. उपेंद्रने कठड्यावरचे हात काढून घेतले. ती बाई कौमुदी बर्वे. लिमरिकला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर होती आणि हौस म्हणून टीमचं प्रथमोपचाराचं काम बघायची. हे नंतर कळलं.

"मी विचारतेय! लाज वाटते का आता बोलायला?"

तोवर नीवचा बाप बाकांवरून उड्या मारत आला होता. त्याला मराठी कळली नव्हती, पण ओरडणारा माणूस त्याने पाहून ठेवला होता. पहिला ठोसा उपेंद्रच्या भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरलं. उपेंद्रने न बघता दोन हाणले, एक बरगडीत, एक गळ्यावर. दोघे कठड्यावरून खाली कोर्टवर पडले आणि नीवच्या रक्तातच एकमेकांना तुडवत राहिले. डोनल आणि आणखी चौघांनी त्यांना वेगळं केलं. नीवचा बाप रडत होता आणि रडता रडता लाथा मारत होता.

मुक्ताला मैदानाबाहेर काढलं. उरलेली चार मिनिटं मुली खेळल्या आणि तीन पॉइंटने जिंकल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढच्या बुधवारी साप्ताहिकात अर्धं पान होतं. मुक्ताचा फोटो. तो वार्ताहर स्वतः न पाहिलेल्या मॅचबद्दल सविस्तर लिहून गेला होता. मऊ हा शब्द कुठे नव्हता, आता रानटी हा होता.

"आता जागा सापडली ह्यांना," डोनल म्हणाला. "वर्षभर नुसते चांगले खेळलो तेव्हा चार ओळी."

"टीम आता चौथी आहे," सलील म्हणाला. "मुक्ता असली तर उरलेल्या तीनमधल्या दोन जिंकतो. नसली तर एकही नाही."

सगळं त्या 'असली तर'वर होतं. गुरुवारी लीगच्या शिस्तपालन समितीसमोर सुनावणी होती. कोचने घरी येऊन स्पष्ट सांगितलं होतं. मुक्ताने मनाने, ठरवून मारलं असेल तर बारा महिने बंदी. बाहेरच्या मोठ्या माणसाने चिथावलं असेल तर तिला एक मॅच, आणि त्या माणसाला लीगच्या कुठल्याही हॉलमध्ये कायमची बंदी. कौमुदीचं लेखी पत्र समितीकडे गेलं होतं. त्यात ती दोन्ही वाक्यं आणि त्यांचा अर्थ होता.

कँटीनमधून बाहेर येताना सलीलने उपेंद्रला बाजूला घेतलं.

"दादा, ती पत्र लिहिणारी बाई एकटी आहे. आपण दोघं. 'कोपर वर ठेव' म्हणालात असं मी सांगतो. म्हणजे चिथावणी नाही, ठरवून नाही, खेळता खेळता लागलं. तुम्हीपण सुटता, मुक्तापण."

"तू काहून खोटं बोलणार माझ्यासाठी? तुझा कान फोडला मी."

"तुमच्यासाठी नाही. मला टीम पहिल्या चारात हवीय."

उपेंद्रने रात्रभर नव्हे, पण जेवणाच्या सुट्टीभर विचार केला. जोड गळला तर तो कुणी आवळला होता हे आधी सांगायचं, इतकं त्याला कळत होतं. आणि त्याला खात्री होती की ते कोपर त्याने आवळलं होतं. पोरीला एक मॅच, आपल्याला जन्मभर. तिला खेळताना पुन्हा बघता येणार नाही. सौदा कडू होता, पण त्याला तो सरळ वाटला.

समितीत तिघे होते. अध्यक्ष एक निवृत्त शिक्षिका, पांढऱ्या केसांची, सावकाश बोलणारी. मुक्ता उजव्या कोपराला पट्टी बांधून बसली होती. आत सहा टाके होते. अध्यक्षबाईंनी पत्र वाचलं आणि उपेंद्रला विचारलं, "मिस्टर ढोबळे, तुम्ही तुमच्या भाषेत काय म्हणालात?"

सलील खोकला.

"त्या बाईने लिहिलंय तेच," उपेंद्र म्हणाला. "कोपर घाल. दात पाड. मी म्हणालो. मुलगी लहानपणापासून माझं ऐकत आली आहे. दोष माझा."

बाईंनी चष्मा काढला. शेजारच्या दोघांनी माना हलवल्या, जणू निकाल लागलाच. "मुक्ता," त्या म्हणाल्या, "तू वडिलांच्या सांगण्यावरून मारलंस, असं धरायचं का?"

एक 'हो' पुरेसं होतं. उपेंद्रने तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"नाही," मुक्ता इंग्रजीत म्हणाली. "ते ओरडले ते मी ऐकलं. पण तोवर माझं कोपर निघालं होतं. तिने मला दोनदा भिंतीवर घातलं. मी चौथ्या क्वार्टरची वाट बघत होते. तेव्हा रेफरी दमलेले असतात, त्यांची नजर उशिरा पोचते. मी चालते असं सगळे म्हणतात. मी त्या दिवशी दमले नव्हते. कोपरासाठी ताकद राखून ठेवली होती."

अध्यक्षबाईंनी चष्मा पुन्हा लावला.

"तिचा दात माझ्या कोपरात होता," ती म्हणाली. "तो मी मारला. दुसऱ्या कुणाच्या नावावर मला तो नको आहे."

बारा महिने बंदी झाली. उपेंद्रलाही झाली, कायमची. कारण त्याने जे कबूल केलं ते खरं होतंच.

गाडी सुनावणीच्या इमारतीमागे लावलेली होती. सलील आणि डोनल मुद्दाम मागे राहिले. उपेंद्र गाडीपर्यंत चालला आणि तिथे वळला. त्याचं तोंड लाल झालं होतं.

"काहून बोलली? मी घेतलं होतं ना अंगावर? एक मॅच होती, एक! सगळं घालवलं तू. निवड घालवली, टीम घालवली. माझं जन्माचं घालवून मी तुला सोडवत होतो!"

त्याचा हात वर गेला. बारा वर्षं जात आला होता तसा, सवयीने.

मुक्ताने डाव्या हाताने त्याचं मनगट हवेतच धरलं. तो हात खाली आणायला गेला. हात आला नाही. त्याने जोर लावला. अठ्ठावीस वर्षं पाना फिरवलेला हात होता तो. तिने तो इंचभरही सोडला नाही, उलट पिळला, हळूहळू, इतका की तो एका गुडघ्यावर आला. त्याच्या विजारीतून डबक्याचं पाणी गुडघ्याला लागलं.

"डोंट," ती म्हणाली. एवढंच. मग आणखी एकदा पिळला, गरज नसताना, आणि सोडला.

कॅरिगलाइनपर्यंत गाडी तिने चालवली. तो शेजारी बसला.

वसुधाने दार उघडलं. तिने आधी नवऱ्याचं मनगट पाहिलं. चार बोटं उमटली होती.

"हे कुणी केलं?"

"मुक्ताने."

"तुम्ही काय केलं होतं?"

त्याने सांगितलं. हात उचलला, म्हणाला. का उचलला ते सांगायला लागला, तेवढ्यात वसुधा आत वळली. तिने फ्रीजमधून बर्फाची पिशवी काढली, फडक्यात गुंडाळली आणि मुक्ताला खुर्चीवर बसवलं. जोर लावल्याने आणि गाडी चालवल्याने उजव्या कोपराचे टाके ताणले गेले होते, पट्टी लाल झाली होती. वसुधाने ती कापली, जखम पुसली, बर्फ बाजूने धरला. उपेंद्र दाराशी ओल्या गुडघ्याने उभा होता.

"तिला पाणी द्या," वसुधा त्याच्याकडे न बघता म्हणाली.

तो पाणी आणायला गेला.